बी.एस्सी.च्या स्पेक्ट्रोमीटरवर सीईए शोधताना : एसपीआर सेन्सरच्या कामाच्या नोंदी

१५ जुलै २०२४

आजपासून वही सुरू. एम.एस्सी. भौतिकशास्त्राचा प्रकल्प आहे. प्रिझमवर सोन्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर अँटिबॉडी बसवायची आणि सीईए हे कर्करोगाचं प्रथिन तिला चिकटलं की प्रकाशात होणारा बदल मोजायचा. यालाच एसपीआर (सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स) म्हणतात. महागडं तयार यंत्र आमच्याकडे नाही. प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तो प्रिझम-टेबल आणि व्हर्नियरवाला स्पेक्ट्रोमीटर मात्र आहे. त्याचा लघुत्तम मापांक कोनाचं एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. जुना हीलियम-निऑन लेसर कपाटात पडून आहे. एवढ्यावर कुठवर जाता येतं ते पाहायचंय.

सीईएच का, तर मावशीमुळे. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला दर तीन महिन्यांनी मिरजेला जाऊन हीच तपासणी करावी लागते. फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला हे प्रथिन शोधलं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आणि यकृताच्या काही आजारांतही ते वाढतं, म्हणून निरोगी माणसात कर्करोग हुडकायला ते वापरत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर आजार परत डोकं वर काढतोय का, हे पाहायला मात्र त्याचा उपयोग होतो. आमच्या दृष्टीने आणखी एक सोय आहे. हे प्रथिन वजनदार आहे, साधारण १८० किलोडाल्टन. पीएसए हे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मोजतात ते प्रथिन त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच. एसपीआरला वजन कळतं, त्यामुळे जड रेणू पकडणं सोपं.

गाठायचा आकडा : मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम. रिपोर्टवर मर्यादा म्हणून बहुतेक हाच छापलेला असतो.

सोबत जैवतंत्रज्ञान विभागातली मैत्रीण आहे. प्रथिनांचं काम तिचं, प्रकाशाचं माझं. ऑप्टिकल फायबरवर करावं का, अशीही चर्चा झाली. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जींच्या गटाने यू आकारात वाकवलेल्या फायबरवर बरंच काम केलंय. पण सर म्हणाले, "प्रिझमवर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं. आधी ते कर." ते पटलं.

२४ जुलै

सोन्याची पहिली खेप वाया गेली. काचपट्ट्या देऊन दुसऱ्या एका ठिकाणच्या बाष्पीभवन यंत्रात १० पट्ट्यांवर ५० नॅनोमीटर सोनं चढवून घेतलं. खर्च २,५०० रुपये. पट्ट्या सुंदर दिसत होत्या, प्रकाशासमोर धरल्या की हिरवट निळ्या. इथॅनॉलने धुतल्या आणि तिसऱ्या पट्टीवर सोनं साईसारखं सुटून तरंगायला लागलं.

चूक माझीच. काचेला सोनं धरत नाही. आधी २-३ नॅनोमीटर क्रोमियमचा थर लागतो, तो मी मागितलाच नव्हता. वाचलं होतं, पण अर्जात लिहायचं राहिलं. दुसरी खेप क्रोमियमसह सांगितली आहे : ४,००० रुपये, पंधरा दिवस थांबायचं.

पट्ट्या आल्यावर आधी कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून ओढून पाहा. टिकल्या तरच पुढे जा.

३ ऑगस्ट

नव्या पट्ट्या यायच्या आहेत. तोवर जुन्यातली एक धड पट्टी न धुता वापरून प्रकाशाची जुळणी करायला घेतली. बीके-७ काचेचा काटकोनी प्रिझम (३,२०० रुपये) टेबलावर ठेवला, पट्टी त्याच्या कर्णाला तेलाने चिकटवली, दुर्बिणीच्या जागी फोटोडायोड बसवला.

एका ठरावीक कोनाला परावर्तित प्रकाश एकदम कमी होतो, तो डिप; सोन्यावर काही चिकटलं की तो कोन सरकतो, आणि तेच मोजायचं. दोन दिवस डिपच मिळाला नाही. कारणं दोन निघाली आणि दोन्ही एकाच वेळी चालू होती, म्हणून सापडायला वेळ लागला.

पहिलं कारण पोलरायझर, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची एकच दिशा जाऊ देणारी चकती. विद्युत क्षेत्र आपतन प्रतलात असलं तरच हा परिणाम दिसतो. आमचं टेबल आडवं, म्हणजे क्षेत्रही आडवं हवं. पोलरॉइडच्या चकतीवर जी खूण होती ती मी खरी धरली. ती ९० अंशांनी चुकीची होती. चकतीवरच्या खुणेवर विसंबू नका. साध्या काचेवर ५६ अंशांच्या आसपास प्रकाश टाका आणि परावर्तित ठिपका विझेपर्यंत चकती फिरवा. ठिपका विझला की तीच आपल्याला हवी ती दिशा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं कारण कोनाचं. हवेत डिप ४३.६ अंशांच्या आसपास यायला हवा असं गणित सांगत होतं आणि मी टेबलावरच्या मोजपट्टीवर ४३ अंश शोधत बसले. तो कोन प्रिझमच्या आतला, सोन्यापाशी होणारा. बाहेरून किरण प्रिझमच्या बाजूवर पडताना वाकतो. हिशोब केल्यावर कळलं की हवेतल्या डिपसाठी किरण त्या बाजूवर जवळपास सरळ, लंबापासून फक्त २ अंशांवर पडायला हवा. पाण्यासाठी आतला कोन सुमारे ७२.८ अंश येतो आणि बाहेरचा जवळजवळ ४५.

संध्याकाळी सव्वासहाला पहिला डिप दिसला. लॅबमधले मामा कुलूप लावायला आले होते. तेही थांबले आणि ठिपका अंधारत जाताना पाहत उभे राहिले.

१० ऑगस्ट

लेसर. ठिपक्याची तीव्रता आपोआप सावकाश वरखाली होत होती, एका फेरीला काही मिनिटं. आधी फोटोडायोडवर संशय घेतला, मग तारांवर, मग ट्यूबलाइटवर. ट्यूबलाइटचाही थोडा त्रास होताच. खोक्याला आतून काळा कागद लावून तो मिटवला. पण मूळ दोष निराळाच होता. आमचा लेसर ध्रुवीकरण न केलेल्या जातीचा आहे. नळी तापताना लांबते, तिच्यातले मोड (प्रकाशाच्या जवळजवळच्या वारंवारता) सरकतात आणि शेजारशेजारच्या मोडची ध्रुवीकरणाची दिशा एकमेकांना लंब असते. लेसरची एकूण शक्ती बरीच स्थिर राहते, पण पोलरायझरमधून गेल्यावर कधी एक मोड भारी, कधी दुसरा.

उपाय दोन. लेसर तासभर आधी लावून ठेवायचा. आणि पोलरायझरनंतर एक साधी काच तिरकी धरून थोडा प्रकाश दुसऱ्या फोटोडायोडवर घ्यायचा. मुख्य वाचन भागिले हे वाचन. काच पोलरायझरच्या आधी धरली तर काही उपयोग नाही, हेही करून पाहिलं. आता गुणोत्तर हजारात एक-दोनपेक्षा जास्त हलत नाही. दोन फोटोडायोड, १६ बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) आणि अर्डुइनो मिळून १,१५० रुपये, पोलरॉइड ४५०.

२१ ऑगस्ट

द्राव धरायच्या कुपीने दहा दिवस घेतले.

अॅक्रिलिकच्या ठोकळ्यात भोक पाडून, मधे रबर घालून ती पट्टीवर आवळायची, अशी योजना होती. भोक ३ मिलिमीटरचं पाडलं, कारण लेसरचा किरण १ मिलिमीटरचाच. पण ७३ अंशांवर तिरका पडलेला किरण सोन्यावर लांबट पसरतो, साधारण चार मिलिमीटर. त्याच्या कडा रबराखाली जात होत्या आणि डिप विचित्र, अर्धवट दिसत होता. आता खिडकी १४ बाय ८ मिलिमीटर आहे.

रबर सायकलच्या ट्यूबचं कापलं होतं. गळती थांबली, पण नुसतं पाणी भरून ठेवलं तरी डिप तासन्‌तास सरकत राहायचा. तापमान असेल म्हणून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी तेच. शेवटी मैत्रिणीने विचारलं, "रबरात गंधक असतो ना?" रबर पक्कं करायला गंधक आणि गंधकाची संयुगं घालतात, आणि सोन्याला सगळ्यात जास्त ओढ गंधकाचीच. अँटिबॉडी बसवायला आपण मुद्दाम जे करणार, ते रबर आधीच करून बसत होतं. सिलिकॉनची चादर आणली (१८० रुपये, अॅक्रिलिकचे ६००), नवी पट्टी लावली, पाणी भरलं. अर्ध्या तासात डिप स्थिर.

त्याच दिवशी साखरेच्या पाण्याने मोजपट्टी तयार केली. शेकडा ५ साखरेला पाण्यापेक्षा अपवर्तनांक ०.००७३ ने जास्त. डिप २ अंश २० मिनिटं सरकला. शेकडा १० ला ५ अंश ५ मिनिटं. गणिताच्या जरा खाली, पण रेषा नीट. म्हणजे आमच्या व्हर्नियरचं एक मिनिट म्हणजे अपवर्तनांकात साधारण ०.००००५. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलंय. याचा पुढे फार उपयोग होणार आहे.

डिपचा तळ डोळ्यांनी ठरवू नका. तो पसरट असतो. तळाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड अंशापर्यंत कोनाच्या दर १० मिनिटांवर वाचन घ्यायचं आणि त्यातून परवलय काढायचा. एका मापाला वीसेक मिनिटं जातात.

एक किरकोळ गोष्ट. पट्टी आणि प्रिझम यांच्यामधे जीवशास्त्र विभागातलं सीडरवूड तेल वापरत होतो. ते वाळून घट्ट होतं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघता निघत नाही. सूक्ष्मदर्शकाचं कृत्रिम इमर्शन तेल घ्या.

३१ ऑगस्ट

रसायनांना हात लावला. सोन्यावर आधी ११-एमयूए या गंधकयुक्त आम्लाचा थर : इथॅनॉलमध्ये १ मिलिमोलार द्रावण, रात्रभर, झाकून. हे नीट झालं. मग ईडीसी आणि एनएचएस ही दोन रसायनं मिसळून त्या थराची टोकं जागी करायची, म्हणजे अँटिबॉडी तिथे पक्की जोडली जाते. आधी सरावासाठी बीएसए हे गायीच्या रक्तातलं साधं प्रथिन घेतलं. ०.४ मोलार ईडीसी (मिलिलिटरला ७७ मिलिग्रॅम) आणि ०.१ मोलार एनएचएस समान भागांत. प्रथिन काही चिकटलं नाही. धुतल्यावर डिप होता तिथेच परत.

ईडीसीची बाटली पाहिली तर पावडरीचा गोळा झालेला. उणे २० मधून काढून लगेच उघडली होती. सांगलीतला ऑगस्ट, हवा ओली, थंड बाटलीत क्षणात दव धरतं. ईडीसीला पाणी लागलं की ते निकामी होतं. आता नवी बाटली आणली की पहिल्याच दिवशी छोट्या कुप्यांत वाटून सिलिका जेलसोबत ठेवायची आणि काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. ईडीसी, एनएचएस, इथॅनॉलअमाइन वगैरे मिळून आतापर्यंत ९,४००, एमयूए ८,७००.

२० सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. सीईएची अँटिबॉडी आली, १०० मायक्रोग्रॅम, २४,५०० रुपये. विभागाच्या निधीतली सगळ्यात मोठी खरेदी.

बसवली. डिप १५ मिनिटं सरकला आणि धुतल्यावरही टिकला. खूप आनंद झाला. मग सीईए सोडलं, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे खऱ्या रक्ताच्या मानाने प्रचंड. काहीच नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा शून्य. एका पट्टीमागे दोन दिवस.

शेवटी मैत्रीण कुपीसोबत आलेला कागद घेऊन बसली. त्यात बारीक अक्षरात होतं : स्थैर्यासाठी बीएसए घातलेलं आहे. किती, तर अँटिबॉडीच्या दसपट. आमच्या टोकांना अँटिबॉडी काय आणि बीएसए काय, दोन्ही सारखीच. जे जास्त, ते आधी जागा धरणार. म्हणजे ती १५ मिनिटं बीएसएची होती.

शिवाय त्या कुपीत ट्रिस बफर (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) होतं. ट्रिसच्या रेणूवरही तोच अमाइन गट असतो जो अँटिबॉडीला जोडायला हवा, त्यामुळे जागी केलेली टोकं तेही खातं.

मागवताना 'बीएसए नको, ट्रिस नको, ग्लायसिन नको, फॉस्फेट बफरमध्ये द्या' असं लेखी मागा. हे वाक्य मला जुलैमध्ये कुणी सांगितलं असतं तर २४,५०० रुपये आणि तीन आठवडे वाचले असते. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

७ ऑक्टोबर

नवी अँटिबॉडी, नुसती, ३१,००० रुपये. आल्याबरोबर १० मायक्रोग्रॅमच्या कुप्या करून गोठवल्या, कारण पुन्हापुन्हा वितळवून गोठवली की ती बिघडते. पीएच ५ च्या अॅसिटेट बफरमध्ये मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम करून अर्धा तास ठेवली. डिप २१ मिनिटं सरकला. इथॅनॉलअमाइनने उरलेली टोकं बंद केली, धुतलं, १९ मिनिटं टिकला.

१४ ऑक्टोबर

दिसलं. सीईए १ मायक्रोग्रॅमला ९ मिनिटं, ५०० नॅनोग्रॅमला ९ मिनिटं आणि १०० नॅनोग्रॅमलासुद्धा ८. नुसतं बफर कुपीत घातलं तर शून्य. रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो.

घरी जाताना मावशीला फोन केला. म्हटलं, "मावशी, तुझं सीईए मशीनवर दिसलं." ती म्हणाली, "मग आता मिरजेला जायला नको ना गं?" मी म्हटलं, अजून वेळ आहे, पण होईल.

१६ ऑक्टोबर

ते सीईए नव्हतं.

काल पहाटे जाग आली ती एकाच प्रश्नाने : दहापट कमी सीईए घेऊनही सरक जवळपास तेवढीच कशी? आणि दुसरं, परवा घाईत मी शेवटची धुणी केलीच नव्हती. सीईए पट्टीवरच्या कुपीत असतानाच डिप मोजला होता.

आज पुन्हा केलं. सीईए सोडलं, ९ मिनिटं. धुतलं, १ मिनिट. म्हणजे जे दिसत होतं ते चिकटलेलं नव्हतंच. मग लाल शाईतला आकडा आठवला. ९ मिनिटं म्हणजे अपवर्तनांकात ०.०००४५. पाणी एका अंशाने गार झालं की अपवर्तनांक साधारण ०.०००१ ने वाढतो. साडेचार अंशांचा फरक. सीईएच्या कुप्या बर्फात होत्या आणि बफरची बाटली टेबलावर.

खात्रीसाठी बफर बर्फात ठेवून सोडलं, त्यात सीईएचा एक रेणू नाही. १० मिनिटं सरकला.

म्हणून तिन्ही आकडे सारखे. ते सीईएचं प्रमाण नव्हतं, बर्फाचं तापमान होतं. मी थर्मामीटर बनवला होता.

मावशीला पुन्हा फोन केला. हा फोन करताना जीभ अडखळली. तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच मी "अजून काहीच सांगता येत नाही" म्हणायला हवं होतं. आजारी माणसाच्या कानावर अर्धवट निकाल घालणं बरं नाही, आणि ते मी केलं. ती एवढंच म्हणाली, "बरं बरं, तू जेवलीस का?"

आजपासून लॅबमध्ये ठरलेलं : सगळे द्राव कुपीशेजारी तासभर ठेवायचे. मोजमाप नेहमी बफर, नमुना, पुन्हा बफर असंच, आणि धरायचा तो आकडा धुतल्यानंतरचा. आणि मुख्य म्हणजे कोरा ठिपका हवा, सीईएला न धरणारी तुलनेची जागा.

१३ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. कोरा ठिपका तयार झाला.

खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागात सीईएची अँटिबॉडी, खालच्या अर्ध्यात उंदराची साधी आयजीजी अँटिबॉडी, जिला सीईएशी देणंघेणं नाही (३,९०० रुपये). दोन्ही एकाच पट्टीवर, एकाच पाण्यात, एकाच तापमानाला. प्रिझम-टेबल वरखाली करून आधी एक, मग दुसरा ठिपका मोजायचा. वरच्यातून खालचा वजा. तापमान, मीठ, साखर, पंखा, ढगाळ हवा, जे काही दोघांना सारखं लागतं ते निघून जातं. वेळ दुप्पट, म्हणजे एका नमुन्याला दीड तास. पण याआधी घेतलेल्या एकाही आकड्यावर माझा विश्वास नाही, यावर आहे.

ठिपके लावताना सुरुवातीला दोन्ही थेंब एकमेकांत मिसळले. मधे सिलिकॉनची बारीक पट्टी ठेवल्यावर जमलं.

आजवरचे वजाबाकीनंतरचे आकडे, प्रत्येक तीन पट्ट्यांची सरासरी : १ मायक्रोग्रॅमला ६ मिनिटं. ५०० नॅनोग्रॅमला ४. २५० ला अडीच. १०० ला १, आणि तो आमच्या गोंगाटात बुडतो. नुसतं बफर परत परत मोजलं की ०.७ मिनिटांचा चढउतार दिसतो, त्याची तिप्पट धरली तर २ मिनिटांच्या खालचं काही खात्रीने म्हणता येत नाही. म्हणजे मिलिलिटरला सुमारे २०० नॅनोग्रॅम. हवे आहेत ५.

चाळीस पट लांब. पण आता प्रमाण कमी केलं की आकडा कमी होतो. मला याचं समाधान १४ ऑक्टोबरच्या आनंदापेक्षा जास्त वाटलं.

पट्टी पुन्हा वापरण्यासाठी पीएच २.२ चं ग्लायसिन दोन मिनिटं. तीन वेळा चालतं. चौथ्या वेळेला अँटिबॉडीच दमते, सरक निम्मी होते.

२७ नोव्हेंबर

चाळीस पटींतलं काही अंतर तोडायला सोन्याचे कण. सीईए चिकटल्यावर त्याच्या दुसऱ्या जागी धरणारी दुसरी अँटिबॉडी सोडायची आणि तिला सोन्याचे नॅनोकण बांधलेले. कण जड, शिवाय सोन्याच्या थराशी त्यांचं आपापसात प्रकाशाचं नातं जुळतं, त्यामुळे सरक मोठी. ही दुसरी अँटिबॉडी पहिलीच्याच जातीची घेऊन चालत नाही. ती जागा आधीच भरलेली असते. 'जोडी' म्हणून विकतात तीच घ्या. २६,००० रुपये.

कण घरचेच. रसायनशास्त्र विभागातून क्लोरोऑरिक आम्ल उसनं आणलं. शेकडा ०.०१ द्रावण १०० मिलिलिटर उकळायचं, शेकडा १ सोडियम सायट्रेट २ मिलिलिटर एकदम ओतायचं. पिवळसर, मग काळपट, मग दहाएक मिनिटांत जास्वंदीसारखं लाल. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शिखर ५२० नॅनोमीटरला. भांडी आम्लराजाने धुतलेली नसली तर रंग मळकट येतो.

पहिल्यांदा अँटिबॉडी तिच्या फॉस्फेट बफरसकट घातली आणि डोळ्यांदेखत लाल द्रावण निळं झालं. बफरमधल्या मिठाने कण एकमेकांना चिकटले. २० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी गेली. दुसऱ्यांदा तिच्यातलं मीठ डायलिसिसने काढलं, कणांचा पीएच पोटॅशियम कार्बोनेटने ९ च्या जवळ आणला, मग घातली. तपासायला एका कुपीत थोडं शेकडा १० मीठ टाकलं. लालच राहिलं. म्हणजे कणांवर अँटिबॉडीचं कवच नीट बसलंय.

५ डिसेंबर

कणांसह आकडे : १०० नॅनोग्रॅमला १४ मिनिटं, ५० ला ८, २० ला ४. सीईए मुळीच नसताना २. हे शेवटचे २ महत्त्वाचे. कण आपले आपणही थोडे चिकटतात, आणि ते दर वेळी सारखे चिकटत नाहीत : कधी दीड, कधी अडीच. त्यामुळे २० च्या खाली माझी जीभ रेटत नाही. ५ नॅनोग्रॅमचा नमुना आणि कोरा नमुना मैत्रिणीने मला न सांगता दिले. सहापैकी तीनदाच बरोबर ओळखले. म्हणजे ओळखलेच नाहीत.

११ डिसेंबर

हे सगळं बफरमधलं होतं. माणसाचं रक्त वापरायला नैतिकता समितीची परवानगी लागते, ती या मुदतीत मिळण्यासारखी नव्हती. म्हणून गायीच्या गर्भाचं सीरम, शेकडा १०, जे जैवतंत्रज्ञानकडे पेशी वाढवायला असतंच.

सीरम सोडल्यावर दोन्ही ठिपके एकदम १५ मिनिटं सरकले, धुतल्यावरही ५ मिनिटं उरली. सीरममधली प्रथिनं कुठेही बसतात. वजाबाकी केली तर शून्याच्या जवळ यायला हवं, येतं, पण चढउतार पावणेदोन मिनिटांचा. बफरमधला ०.७ चा गोंगाट इथे अडीच पट झाला. त्यात २०० नॅनोग्रॅम सीईए मिसळलं ते कणांशिवाय दिसलं नाही. कणांसह दिसलं.

पृष्ठभागावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल बसवलं तर ही चिकटाचिकटी कमी होते. ते पुढच्या तुकडीने करावं.

१४ डिसेंबर

खर्चाची बेरीज १,३५,३८० रुपये. त्यातले १,०५,२०० फक्त प्रथिनांचे. प्रकाशाची सगळी जुळणी, सोन्यासकट, १२,०८० मध्ये झाली. स्पेक्ट्रोमीटर, लेसर आणि उसनं आणलेलं आम्ल यात धरलेलं नाही. पाच महिन्यांतले निदान नऊ आठवडे दुरुस्तीत गेले. सर्वांत महाग चूक बीएसएवाली अँटिबॉडी, सर्वांत वाईट चूक बर्फाची.

परवा मावशीसोबत मिरजेला गेले होते. रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला : २.१. तिथल्या यंत्राला तो आकडा दिसतो, माझ्या स्पेक्ट्रोमीटरला दिसला नसता. बसमध्ये तिने विचारलं, "तुझं कुठवर आलं?" मी सांगितलं, वीसपर्यंत, तेही साध्या पाण्यात. तिने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, "म्हणजे चार पट राहिलं." सीरमचं तिला अजून सांगायचंय.

फ्रीझरमध्ये पट्टीवर बसवायच्या अँटिबॉडीच्या दोन कुप्या, कणांना बांधायच्या दुसरीच्या तीन. कपाटात क्रोमियमवाल्या चार पट्ट्या, इथॅनॉलमध्ये बुडवून, झाकणावर तारीख आहे. प्रिझम मखमलीच्या डबीत, चावी मामांकडे. लेसर सोमवारी सकाळी ९ ला लावायला सांगितलाय, १० ला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पहिली पट्टी.